जुन्या फ्रेंच पुस्तकाचं बाइंडिंग सोनेरी नक्षीवरून कसं ओळखायचं

पॅरिसला सीनच्या काठावर जुन्या पुस्तकांच्या हिरव्या पेट्या असतात ना, तिथे पहिल्याच ट्रिपला मी फसलो. लाल चामडं, मधोमध सोनेरी पानांचं कडं, त्यात काहीतरी नाव, मला वाटलं हे कुठल्यातरी सरदार घराण्याचं पुस्तक, दोन दिवस छाती फुगवून फिरलो आणि मग एका ओळखीच्या बाईंनी हसत हसत सांगितलं की अरे हे शाळेचं नाव आहे, एकोणिसाव्या शतकात पोरांना बक्षीस म्हणून असली पुस्तकं ढिगाने वाटायचे. तेव्हापासून मी चिन्ह शेवटी बघतो, आधी सोनं चामड्यावर कसं बसलंय ते.

तर पहिली स्टेप, पुस्तक खिडकीजवळ न्या किंवा मोबाइलचा टॉर्च आडवा धरा, वरून नाही, एका बाजूने. जुन्या पद्धतीत चामड्यावर अंड्याचा पांढरा बलक लावून त्यावर सोन्याचा वर्ख ठेवायचे आणि गरम पितळी ठसा दाबायचे, त्यामुळे नक्षी खोलगट असते आणि प्रत्येक ठशाची खोली थोडी वेगळी येते, कुठे हात जड पडलेला कुठे हलका. रेघ चाकाच्या हत्याराने ओढलेली असेल तर कोपऱ्यावर बघा, दोन रेघा जिथे भेटतात तिथे हमखास थोडं इकडेतिकडे होतं. आणि सोनं हिरवट-तपकिरी पडलं असेल तर तो खरा वर्ख नाही, खरं सोनं काळवंडत नाही.

दुसरी स्टेप मला सगळ्यात आवडते, त्यासाठी दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या. हाताने काढलेली रांगोळी आणि छापाची रांगोळी आपल्याला लांबून कळते की नाही, तसंच हे. कव्हरवर एकच फूल वीस वेळा आलं असेल आणि त्याची एक पाकळी तुटकी असेल, तर ती तूट कुठेकुठे दिसते ते शोधा. विसाच्या वीस फुलांत तीच पाकळी तुटकी, म्हणजे एकच छोटा ठसा हाताने वीस वेळा मारलाय. पण तूट एकाच फुलात असेल आणि मागच्या कव्हरवरही नेमक्या त्याच जागी असेल तर अख्खी नक्षी मोठ्या प्लेटने प्रेसमध्ये एका दणक्यात छापलीये. माझ्या बक्षिसाच्या पुस्तकात कड्याचं एक पान दोन्हीकडे त्याच ठिकाणी अर्धवट होतं, समोरच होतं पण मी बघितलंच नाही. प्लेटने छापणं सोळाव्या शतकातही होतं, पण बाजारात येणारं असलं बहुतेक काम एकोणिसाव्या शतकातलं असतं, चर्चच्या कमानी-खिडक्यांची जी नक्षी १८२०-३० च्या सुमारास फॅशनमध्ये आली ती बऱ्याचदा अशीच छापलेली.

तिसरी स्टेप, आता मागे सरका आणि मांडणी बघा. एकमेकांत गुंतलेल्या पट्ट्यांची भौमितिक जाळी असेल तर सोळावं शतक डोक्यात ठेवा. जाँ ग्रोलिए (मृत्यू १५६५) नावाचा खजिनदार अशी पुस्तकं बांधून घ्यायचा आणि कव्हरवर लॅटिनमध्ये 'ग्रोलिए आणि मित्रांचं' असं लिहून घ्यायचा, पुस्तक उसनं देणारा भला माणूस! त्यानंतर साधारण १५७० पासून फाँफार, यात पट्टी वेगवेगळ्या आकाराचे कप्पे करते आणि कप्प्यांत पानाफुलांच्या डहाळ्या, पट्टी नीट बघा, एका कडेला एक रेघ आणि दुसऱ्या कडेला दोन. नक्षीच्या रेषा अखंड नसून बारीक ठिपक्यांच्या असतील तर १६४० च्या आसपासचा प्वाँतिये प्रकार, आमच्याकडच्या ठिपक्यांच्या रांगोळीची आठवण येते. बाहेरून एकदम साधं पण कव्हर उघडलं की आत सोन्याचा काठ, ती जान्सेनिस्ट पद्धत. आणि अठराव्या शतकात दाँतेल म्हणजे लेस, चारी बाजूंनी पैठणीच्या काठासारखी नक्षी आत सरकत येते आणि मधला भाग मोकळा. लाल बकऱ्याच्या चामड्यावर फक्त तीन बारीक सोनेरी रेघांची चौकट दिसली तरी हेच शतक आधी आठवायचं. नेपोलियनच्या काळात मग गरुड, मधमाशी, ग्रीक वळणाच्या किनारी.

इथे थांबलात तर माझ्यासारखेच फसाल, कारण एकोणिसाव्या शतकातल्या बाइंडरांनी हे सगळं परत केलं, तेही अप्रतिम. फाँफार हे नावच मुळी नंतरचं आहे, १८२९ मध्ये तूव्हनँ या बाइंडरने १६१३ चं एक पुस्तक त्या जुन्या स्टाइलमध्ये बांधलं, त्या पुस्तकाच्या नावात फाँफार शब्द होता आणि तो स्टाइललाच चिकटला. तेओदोर आगे नावाच्या माणसाने तर राजघराण्याची म्हणून खोटी बाइंडिंगं बनवून एका श्रीमंत इंग्रज संग्राहकाला विकली.

म्हणून चौथी स्टेप, कव्हर उघडा. आत दुमडलेल्या चामड्याच्या कडेला किंवा स्पाइनच्या अगदी खाली बारीक सोनेरी अक्षरात नाव दिसलं तर बहुतेक ते एकोणिसावं शतक, त्याआधी सही क्वचित. पादलूसारखे काही बाइंडर अठराव्या शतकात छापील चिठ्ठी डकवायचे. टायटल पेजवरचं साल हे छपाईचं, बाइंडिंगचं नव्हे, १६५० चं पुस्तक १८५० ला नव्याने बांधलेलं सर्रास मिळतं.

शेवटी मोजमाप. देरोम ल ज्यन (१७३१-९०) या बाइंडरच्या दाँतेलमध्ये पंख पसरलेला छोटा पक्षी येतो, पण पक्ष्याचा ठसा दुसऱ्यांनीही वापरला आणि नंतर नकलाही झाल्या, तेव्हा पक्षी दिसला की देरोम असं लगेच म्हणू नका. शेजारी मोजपट्टी ठेवून सरळ वरून फोटो काढा, ठशाची उंची-रुंदी मिलिमीटरमध्ये लिहा, आणि फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या बाइंडिंगच्या वेबसाइटवर खात्रीच्या नमुन्याशी ताडून बघा. अर्धा मिलिमीटर फरक फोटोच्या कोनामुळे पडू शकतो, दोन मिलिमीटरचा फरक म्हणजे ठसा दुसरा. नक्षी उतरवून घ्यायला वर कागद ठेवून पेन्सिल घासू नका बरं का, जुना वर्ख त्याने उखडतो.