‘मग’ खोडा, ‘म्हणून’ लिहा: कथानकाची बांधणी कशी समजून घ्यावी

आपल्या बेळगाव भागातल्या कडोली, येळ्ळूर, उचगावच्या साहित्य संमेलनांत कथाकथनाला मंडपातली माणसं जागची हलत नाहीत. तीच माणसं एखाद्या कथेला पाचव्या मिनिटाला शेंगा फोडायला लागतात. विषय दोन्ही कथांचा बरा असतो, गडबड बांधणीत असते. ती ओळखायला एक पेन्सिल, एक कोरा कागद आणि दीडेक हजार शब्दांची एखादी कथा पुरते.

पहिल्यांदा कथा एका वाक्यात लिहा. कोणाला काय हवंय, आडवं काय येतंय आणि नाही जमलं तर काय जाईल, या तिन्हींची उत्तरं त्यात हवीत. समजा, दोन भाऊ आहेत. एकच घर, मधोमध भिंत घालून वाटलेलं. बांधावरून बारा वर्षं अबोला. गावात पुष्कळ वर्षांनी लक्ष्मीची यात्रा भरणार आणि बहीण माहेरी येणार. ती आपल्याच दारात उतरावी असं दोघांनाही वाटतं. ज्याच्या दारात उतरणार नाही, त्याला गाव नावं ठेवणार. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर सापडत नसेल तर हातात प्रसंगचित्र आहे, कथा अजून व्हायची आहे.

आता घटना एकाखाली एक लिहा. आठ-दहा ओळी पुरेत. दोन ओळींच्या मध्ये कोणता शब्द बसतो ते बघा. ‘यात्रा ठरली, मग थोरल्याने घर रंगवलं, मग बहीण आली, मग जेवणं झाली’ ही नुसती दैनंदिनी झाली. तेच असं करून बघा: यात्रा ठरली म्हणून बहिणीने थोरल्याला फोन केला; पण भिंतीपलीकडे धाकट्याच्या बायकोने तो ऐकला, म्हणून तिने आपल्या अर्ध्या घराला निळा रंग द्यायला लावला; म्हणून थोरल्याने रातोरात आपला अर्धा भाग पिवळा केला. एकाच घराचे दोन रंग. कोण कोणावर चिडलंय हे आता सांगावं लागत नाही. खात्री करायची असेल तर एखाद्या ओळीवर बोट ठेवा. ती झाकूनही पुढची ओळ टिकत असेल तर झाकलेली ओळ काढून टाका.

मग भागांच्या खुणा करा. सुरुवातीला पार्श्वभूमी, दीडशे-दोनशे शब्द. नवशिक्यांची कथा सर्वांत जास्त इथंच फसते. शिवार, रताळ्याचे वेल, पावसाची झड यांत दोन पानं जातात आणि भाऊ अजून दिसलेलेच नसतात. भिंत, अबोला आणि यात्रा एवढं आलं की पुरे. बाकीचं गाव पुढं येईल.

त्यानंतर ठिणगी, म्हणजे जिच्यानंतर कालच्यासारखं जगता येत नाही ती घटना. इथं बहिणीचा फोन: “दादा, यात्रेला येतो बघ.” (आपल्याकडे बहीणही ‘येतो’च म्हणते. ते शुद्ध करून ‘येते’ केलंत तर कथेचं गाव बदलतं.) ठिणगी पहिल्या अडीचशे शब्दांत पडावी.

पुढचा चढ सर्वांत लांब, सात-आठशे शब्दांचा. यात निदान तीन अडथळे हवेत आणि प्रत्येक आधीच्यापेक्षा महाग. पहिल्यात रंगाचा खर्च. दुसऱ्यात थोरला उसने पैसे काढून जेवणावळ ठरवतो. तिसऱ्यात त्याची स्वतःची मुलगीच विचारते, आत्याला दोन घरं का? तिन्ही अडथळे एकाच वजनाचे असतील तर चढ सपाट होतो आणि शेंगा सुरू होतात.

उत्कर्षबिंदूला, म्हणजे चढाच्या टोकाला, मुख्य पात्राला निवड करावी लागते. बहीण पिशवी घेऊन येते आणि कुठल्याच दारात न शिरता दोन रंगांच्या मधल्या कट्ट्यावर बसते. थोरल्याने तिला ओढून आत न्यायचं की धाकट्याला हाक मारायची? हा क्षण समोर घडवा, संवादासकट. ‘अखेर दोघांची समजूत पटली’ असं उरकलं तर आधीचे हजार शब्द फुकट. अपघात, लॉटरी, अचानक सापडलेलं मृत्युपत्र यांनीही इथं सुटका करू नका. योगायोगाने अडचण यावी, सुटू नये.

उलगडा आणि शेवट दीडशे शब्दांत आटपा. भाऊ गळ्यात पडायलाच हवेत असं नाही. भिंतीतली एक वीट निघते, त्या भगदाडातून चहाचा पेला पलीकडे जातो. तिथं थांबा.

या भागांचा त्रिकोण जर्मन लेखक गुस्ताव फ्रायटाग याने 1863 मध्ये मांडला, पण तो पाच अंकी नाटकांसाठी. म्हणून त्याचं टोक मधोमध, तिसऱ्या अंकात येतं. लघुकथेत टोक बरंच पुढं सरकतं. आकृती जशीच्या तशी उचलली की कथेचा निम्मा भाग उतारातच जातो. आपल्याकडे संस्कृत नाट्यशास्त्राच्या परंपरेत आरंभ, यत्न, प्राप्त्याशा, नियताप्ती आणि फलागम अशा पाच अवस्था सांगितल्या आहेत. त्यांतली प्राप्त्याशा, मिळेल-मिळेल असं वाटायला लावणारी, चढ लिहिताना फार उपयोगी पडते. नायकाला मध्ये एकदा तरी आशा दाखवा, म्हणजे पुढचा अडथळा मनाला लागतो.

क्रम बदलायचा असेल, समजा कट्ट्यावरच्या बहिणीपासून सुरुवात करायची असेल, तर आधी घटना घडल्या त्या क्रमाने कागदावर उतरवा आणि नंतरच हलवा. मागे एकदाच जा. दोनदा गेलात तर ऐकणाऱ्याचं बोट सुटतं.

शेवटी घरातल्या कुणाला तरी समोर बसवून कथा मोठ्याने वाचा. दीड हजार शब्दांना साधारण बारा मिनिटं लागतात. ‘मग?’ असं विचारलं गेलं, तिथं कथेने धरलंय, समासात टिंब द्या. ‘हा कोण म्हणायचा?’ असं विचारलं, तिथं फुली मारा. ते पात्र बहुधा काढून टाकता येतं. दोन मिनिटं ना टिंब ना फुली अशी गेली, तर तिथल्या घटना परत कागदावर घ्या आणि त्यांच्यामध्ये ‘म्हणून’ बसतं का बघा.