एक्सेलमध्ये लायसन्स नंबरचा ‘१.१५ई+१३’ होतोय? हे करा

सांगलीत ऑनलाइन विक्रेत्यांची कॅटलॉगची कामं घ्यायला लागलो. पहिलं गिऱ्हाईक मार्केट यार्डातलं, हळद पावडरवालं. लिस्टिंगची सीएसव्ही (मालाच्या यादीची साधी मजकूर फाइल) साइटवर चढवली की एरर: लायसन्स नंबर चुकीचा, एचएसएन (जीएसटीसाठीचा मालाचा कोड) चुकीचा. वर शेठचा रोज फोन, ‘झालं का?’ नुसता वैताग.

नंबर पुन्हा टाइप केले, सेलचा फॉरमॅट टेक्स्ट केला, ब्राउझर बदलला. तपासायला फाइल उघडली की जैसे थे, कारण सीएसव्हीत फॉरमॅट साठवलाच जात नाही. डबल क्लिकने उघडली की एक्सेल १४ आकडी एफएसएसएआय (अन्न परवाना) नंबर १.१५ई+१३ असा दाखवतं आणि हळद पावडरीच्या एचएसएन ०९१०३०३० मधलं पहिलं शून्य खातं. तशीच सेव्ह झाली की आकडे गेलेच. लायसन्स बघूनच परत भरायचे.

चाललं ते असं. कोरं एक्सेल उघडा. डेटा टॅब, फ्रॉम टेक्स्ट/सीएसव्ही, फाइल निवडा. प्रिव्ह्यूत ‘डेटा टाइप डिटेक्शन’ला ‘डू नॉट डिटेक्ट डेटा टाइप्स’, मग लोड. वर ‘कॉलम१, कॉलम२’ अशी जादाची ओळ येते (ती राहिली तरी साइट फाइल नाकारते); टेबल डिझाइनमधून ‘कन्व्हर्ट टू रेंज’ करून ती उडवा. लायसन्स आणि एचएसएन हे दोन्ही कॉलम टेक्स्ट करून मगच नंबर भरा. सेव्ह अ‍ॅज ‘सीएसव्ही यूटीएफ-८’; साध्या सीएसव्हीत मराठी नावांची प्रश्नचिन्हं होतात. शेवटची तपासणी नोटपॅडमध्येच. एक्सेलला परत हात लावायचा नाही.

आता नवं गिऱ्हाईक आलं की आधी लायसन्सचा फोटो मागतो, टाइप केलेला नंबर घेत नाही.