देणगीदार दूर का जातात? संस्थेच्या ई-मेल आणि सोशल मीडियातल्या या चुका टाळा

वर्षभर गप्प राहायचं आणि निधी कमी पडला की यादीतल्या सगळ्यांना एकदम मेल पाठवायचा, ही सामाजिक संस्थांना सर्वांत महागात पडणारी सवय आहे. मदत मागण्यात गैर काहीच नाही. पण ज्याला तुमचं नाव फक्त आवाहनाखालीच दिसतं, त्याचा हात हळूहळू आखडतो. माझ्या मते बाकीच्या बहुतेक चुका याच एका चुकीच्या पोटातून निघतात.

सुरुवात आभारांपासून करा. देणगी आली की पावती आपोआप जाते आणि संस्थेला वाटतं, आभार मानून झाले. पावती हिशेबासाठी असते. आभाराचा मेल वेगळा हवा, तो दोन दिवसांच्या आत जायला हवा आणि त्याखाली संस्थेतल्या एखाद्या माणसाचं नाव हवं. त्यानंतर काही महिन्यांनी आणखी एक मेल: तुम्ही दिलेल्या पैशांतून हे काम झालं, हे अजून व्हायचंय, इथे अडचण आली. या मेलमध्ये काहीही मागू नका, खाली देणगीचं बटणही ठेवू नका. नवी मागणी त्यानंतर.

मोहीम चालू असताना हमखास होणारा घोळ म्हणजे काल पैसे दिलेल्या माणसाला आज ‘तुम्ही अजून मदत केली नाही’ असा मेल जाणं. यावर उपाय सोपा आहे. प्रत्येक स्मरणपत्राआधी ज्यांनी दिलं आहे त्यांची नावं त्या यादीतून वगळायची. देणगीदार, स्वयंसेवक आणि नुसते वाचक अशा तीन याद्या वेगळ्या ठेवल्या, तरी असे बरेच गोंधळ टळतात. जो दर आठवड्याला कामाला येतो, त्याला ‘आमच्या संस्थेची ओळख’ पाठवली तर त्याला वाईट वाटणारच.

आकड्यांचा ढीग

‘इतके लाभार्थी, इतकी शिबिरं, इतके कार्यक्रम.’ असा मेल वाचून कोणाचंही मन हलत नाही. डेबोरा स्मॉल, जॉर्ज लोवेनस्टाइन आणि पॉल स्लोविक या संशोधकांनी 2007 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात हेच दिसलं. संकटाची आकडेवारी वाचणाऱ्यांपेक्षा एका मुलीची ओळख वाचणाऱ्यांनी जास्त पैसे दिले. त्याच मुलीच्या माहितीला आकडेवारी जोडली, तर देणगी कमी झाली. म्हणून एका मेलमध्ये एकाच माणसाची गोष्ट सांगा. आकडे वार्षिक अहवालात द्या, ते तिथे हवेतच.

पण इथेच दुसरी चूक घडते, आणि ती मला जास्त गंभीर वाटते. गोष्ट हवी म्हणून रडणारा चेहरा, आजाराचं नाव, मुलाची शाळा, सगळं उघड केलं जातं. ज्याचा फोटो आहे, त्याला तो कुठे आणि किती जणांना दिसणार हे समजावून सांगितलं होतं का? मदत हवी असलेला माणूस सहसा नाही म्हणत नाही. म्हणूनच त्याला ‘नाही म्हटलंत तरी मदत थांबणार नाही’ हे आपणहून सांगायला हवं. लहान मुलांच्या बाबतीत पालकांची परवानगी घ्याच, शिवाय नाव बदला आणि ठिकाण गाळा. गोष्टीतला माणूस दयनीय दिसण्यापेक्षा त्याची धडपड दिसली, तर वाचणाराही जास्त काळ सोबत राहतो.

मेल गेला, पण पोहोचला नाही

मेल स्पॅममध्ये जात असतील, तर मजकूर बदलण्याआधी तांत्रिक बाजू तपासा. फेब्रुवारी 2024 पासून जीमेल आणि याहूने मोठ्या प्रमाणावर मेल पाठवणाऱ्यांचे नियम कडक केले. जीमेलच्या खात्यांवर दिवसाला 5000 पेक्षा जास्त मेल पाठवणाऱ्यांना एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क या मेल पाठवणाऱ्याची ओळख पटवणाऱ्या तिन्ही नोंदी आपल्या डोमेनवर (पत्त्यात @ नंतर येणाऱ्या नावावर) कराव्या लागतात. प्रचाराच्या मेलमध्ये एका क्लिकवर यादीतून बाहेर पडण्याची सोयही द्यावी लागते. लहान संस्थांनाही एसपीएफ किंवा डीकेआयएम यांपैकी एक तरी हवंच. या नोंदी केल्या की ‘हा मेल खरंच या संस्थेकडून आला’ हे समोरच्या सर्व्हरला पटतं. संस्थेचं स्वतःचं डोमेन न वापरता फुकटच्या खासगी पत्त्यावरून मेल-सेवेमार्फत शेकडो मेल पाठवले, तर ते अडणारच.

जीमेल आणखी एक आकडा पाहतं: किती जणांनी तुमचा मेल स्पॅम ठरवला. हे प्रमाण 0.3 टक्क्यांच्या खाली, म्हणजे हजारात तिघांपेक्षा कमी राहायला हवं. ते 0.1 टक्क्याच्या आत असलं तर उत्तम. त्यामुळे ‘अनसबस्क्राइब’ची लिंक बारीक अक्षरांत लपवणं अंगाशी येतं. बाहेर पडायची वाट सापडली नाही की माणूस सरळ स्पॅमचं बटण दाबतो. विकत घेतलेल्या किंवा दुसऱ्या संस्थेकडून मिळालेल्या यादीचंही तेच होतं. त्या लोकांनी तुम्हाला पत्ता दिलेलाच नसतो.

मेल किती जणांनी उघडला, या आकड्यावर फार विसंबू नका. 2021 मध्ये ॲपलने त्यांच्या मेल ॲपमध्ये आणलेल्या गोपनीयतेच्या सोयीमुळे न उघडलेले मेलही उघडल्यासारखे मोजले जातात. किती जणांनी लिंकवर क्लिक केलं आणि किती जणांनी उत्तर दिलं, ते पाहा. उत्तर यावं असं वाटत असेल, तर ‘नो-रिप्लाय’ पत्ता आधी बंद करा.

अख्खा मेल म्हणजे एकच मोठं पोस्टर, असंही करू नका. चित्रं बंद असली तर तिथे कोरी जागा दिसते, आणि अंध वाचकाच्या स्क्रीन रीडरला त्यातलं अक्षरही वाचता येत नाही. वर्डमधून मजकूर थेट चिकटवला तर मागचा कोड फुगतो. तो 102 केबीच्या पुढे गेला की जीमेल मेलचा शेवटचा भाग कापून दाखवतं, आणि देणगीची लिंक नेमकी तिथेच असते.

लाइक येतात, माणसं येत नाहीत

जानेवारी 2018 मध्ये फेसबुकने जाहीर केलं की फीडमध्ये पेजेसपेक्षा मित्र आणि कुटुंबीयांच्या पोस्टना प्राधान्य मिळेल. नुसत्या शुभेच्छांची पोस्टर टाकणाऱ्या संस्थेचं पेज अशा फीडमध्ये मागेच पडतं. पोस्टमध्ये खरा प्रश्न विचारा आणि आलेल्या कमेंटला त्याच दिवशी उत्तर द्या. विशेषतः ‘पैसे कुठे जातात?’ या कमेंटला. ती पुसून टाकली तर संशय पक्का होतो.

व्हायरल होण्याच्या नादात 2014 च्या आइस बकेट चॅलेंजचं, म्हणजे बर्फाचं पाणी डोक्यावर ओतून घेण्याच्या मोहिमेचं, उदाहरण अनेकदा दिलं जातं. त्यातून एएलएस या मज्जासंस्थेच्या आजारासाठी काम करणाऱ्या अमेरिकेतल्या एएलएस असोसिएशनला सुमारे 115 दशलक्ष डॉलर मिळाले. पण ती मोहीम संस्थेने आखलेली नव्हती. हा आजार झालेले पॅट क्विन आणि पीट फ्रेट्स, त्यांचे कुटुंबीय आणि मित्र यांनी ती पसरवली. प्रत्येक जण पुढच्यांना नाव घेऊन आव्हान देत होता. यातून उचलण्यासारखं हेच आहे. ‘शेअर करा’ असं सगळ्यांना सांगण्याऐवजी दहा जुन्या हितचिंतकांना नावानिशी एकेक छोटं काम सांगा.

काही अडचणी किरकोळ असतात. इन्स्टाग्रामच्या कॅप्शनमधल्या लिंकवर क्लिक होत नाही, ती प्रोफाइलमध्ये द्या. व्हॉट्सॲपचा ब्रॉडकास्ट ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केला आहे, त्यांनाच मिळतो. म्हणून नवा माणूस जोडला की आधी नंबर सेव्ह करायला सांगा.

एक काम मात्र आजच करा. पेज एखाद्या स्वयंसेवकाच्या वैयक्तिक खात्यावरून चालत असेल, तर तो संस्था सोडून गेल्यावर ते हातातून जाऊ शकतं. किमान दोन ॲडमिन ठेवा, टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू करा, डोमेन संस्थेच्या नावावर घ्या आणि ई-मेल यादीची प्रत दर महिन्याला उतरवून सुरक्षित ठेवा.