व्यसनमुक्ती केंद्रातून सुटल्यावर राहायचं कुठे? मुंबईत सोबर घर कसं शोधावं

‘गावाला पाठव’ आणि ‘लग्न लावून दे’. माझा धाकटा भाऊ व्यसनमुक्ती केंद्रातून सुटायला आला तेव्हा नातेवाइकांकडून हेच दोन सल्ले मिळाले. गावात गुत्ते आहेतच, आणि लग्नाने आणखी एका मुलीच्या आयुष्याची माती होते. त्याला गरज होती सोबर घराची. तिथे चार-सहा जण नशेविना एकत्र राहतात, खर्च वाटून घेतात, दिवसा कामावर आणि संध्याकाळी व्यसन सोडणाऱ्यांच्या मीटिंगला जातात. भावासाठी असं घर मी दोनदा शोधलं. नंतर लालबाग-परळच्या बऱ्याच कुटुंबांबरोबर फिरले.

आधी डिटॉक्स, म्हणजे शरीरातली नशा उतरवण्याचा उपचार, आणि तो रुग्णालयातच. रोज पिणाऱ्याने दारू एकदम तोडली की पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, पुढे भ्रम होऊन जीवही जाऊ शकतो. सोबर घरात डॉक्टर नसतो.

मग पत्ते. केंद्रातल्या समुपदेशकांना विचारा, १४४४६ या सरकारी मोफत हेल्पलाइनवर विचारा. पण सगळ्यात भरवशाची माहिती दारू सोडणाऱ्यांच्या अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस आणि ड्रग्ज सोडणाऱ्यांच्या नार्कोटिक्स ॲनॉनिमस या गटांच्या मीटिंगमध्ये मिळते. तिथे पाच-दहा वर्षं सोबर असलेली माणसं भेटतात आणि कुठलं घर कसं आहे ते त्यांना ठाऊक असतं.

काम, मीटिंग आणि घर लोकलच्या एकाच लाइनवर हवं, जुना अड्डा वाटेत नको. एवढं बघितलं की विभाग ठरला.

खरं अवघड पुढेच आहे. घर बघायला गेल्यावर सगळे खोली, गादी, जेवण बघतात. पहिल्या वेळी मीही तेच बघितलं. हवेशीर खोल्या होत्या, भिंतीवर मोठ्या अक्षरांत नियम होता: ‘नशा केल्यास तत्काळ बाहेर.’ शिस्तीचं घर आहे, म्हणून मला बरंच वाटलं. पाचव्या आठवड्यात भाऊ घसरला, म्हणजे त्याने पुन्हा नशा केली. रात्री साडेअकराला त्यांनी त्याच्या हातात बॅग दिली आणि दार लावलं. आम्हाला फोन नाही. रात्रभर तो स्टेशनवर बसून होता. सकाळी कुणाच्या तरी मोबाइलवरून त्याने ‘ताई’ म्हटलं तेव्हा मला कळलं.

तो गर्द, म्हणजे ब्राउन शुगर, ओढायचा. काही आठवडे गर्द बंद राहिला की शरीराची सवय मोडते, आणि मग पूर्वी सहज पचणाऱ्या मात्रेनेही श्वास बंद पडू शकतो. हे डॉक्टरांनी मला नंतर सांगितलं. म्हणजे ज्या रात्री माणसाला क्षणभरही एकटं सोडायचं नसतं, त्याच रात्री त्याला रस्त्यावर काढलं होतं.

तेव्हापासून कुठल्याही घरात माझा पहिला प्रश्न हाच असतो: ‘इथे शेवटचं कुणी घसरलं तेव्हा त्या रात्री तुम्ही काय केलं?’ ‘आमच्याकडे असं होत नाही’ म्हणाले तर उठा. चांगला व्यवस्थापक नाव न घेता प्रसंग सांगतो: कोण त्याच्याजवळ बसलं, घरी फोन कधी गेला, डॉक्टरकडे कुणी नेलं. घराबाहेर काढायला माझा विरोध नाही, बाकीच्यांनाही जपायचं असतं. पण ते दिवसाउजेडी आणि घरच्यांच्या किंवा केंद्राच्या हवाली करूनच व्हायला हवं.

हा प्रश्न विचारायला संध्याकाळी सातनंतर जा, सगळे कामावरून परतलेले असतात. व्यवस्थापकाला बाजूला ठेवून राहणाऱ्यांशी बोला, आणि त्यांनाही हेच विचारा. दोन उत्तरं जुळली नाहीत तर राहणाऱ्यांचं खरं धरा.

फाटकाला कुलूप आणि मोबाइल जप्त असेल तर ते सोबर घर नव्हे. तिथे उपचार होत असतील तर मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ खाली नोंदणी लागते, तिचा दाखला मागा. ‘आम्ही माणसं पाठवून त्याला उचलून आणतो’ म्हणणाऱ्यांना तर दारातही उभं करू नका. तसं नेलेला मुलगा पुढे घरच्यांवर विश्वास ठेवत नाही, हे मी दोन घरांत पाहिलंय.

घर ठरलं की घसरल्यास रात्री कितीही वाजता कुणाला फोन करायचा, ते दोन नंबर कागदावर लिहा आणि राहणाऱ्याची व व्यवस्थापकाची त्यावर सही घ्या. पैसे महिन्याचे महिन्याला, पावती घेऊन. तीन महिन्यांचे आगाऊ मागितले तर दुसरं घर बघा.