चेकर प्लेट चमकवायचीय? मग ग्राइंडर आधी बाजूला ठेवा

आमच्या मावसभावाची पिकअप आहे, रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरावर मासळी भरायची आणि आंबा घाटाने कोल्हापूर गाठायचं, आठवड्याला चार-पाच फेऱ्या. हौद्यात खाली अ‍ॅल्युमिनियमची चेकर प्लेट, ती उठावदार पाच-पाच दाण्यांची असते ना तीच, मागच्या पायरीवर आणि फाळक्याला आतूनही तीच मारलेली. नवीन होती तेव्हा उन्हात इतकी चमकायची की बघवायची नाही, आणि दोन पावसाळ्यांत पार चुलीतल्या राखेसारखी झाली. मग एका वॉशिंगवाल्याने संडास धुवायचं अ‍ॅसिड मारलं, फेस आला, सगळ्यांना वाटलं वा काय साफ होतंय, आणि वाळल्यावर पायरीवर जे पांढरट डाग आले ते आजपर्यंत पूर्ण गेले नाहीत. त्यानंतर हे काम मी स्वतःच शिकलो, दोन-तीन गाड्या केल्या, त्यातून जे कळलं ते सांगतो.

या प्लेटचं साध्या पत्र्यासारखं नसतं. चमक दिसते दाण्याच्या डोक्यावर आणि घाण बसते दाण्यांच्या मधल्या खळग्यात, म्हणजे कामं दोन आहेत आणि लोक एकाच झटक्यात करायला जातात. ग्राइंडरला वायर कप, म्हणजे तारेचा गोल ब्रश, लावला की दाणे झिजतात, खळगे तसेच काळे राहतात. चार इंची ग्राइंडर फिरतो मिनिटाला ११,००० फेऱ्यांच्या आसपास, तो अ‍ॅल्युमिनियमसाठी फारच जास्त, पत्रा तापतो आणि ओरखडे असे पडतात की ते काढण्यात दुप्पट वेळ जातो. शिवाय लोखंडी तारेचे बारीक कण पत्र्यात रुतून बसतात आणि पहिल्या पावसात तांबूस ठिपके येतात, मग म्हणायचं अ‍ॅल्युमिनियमला गंज कसा लागला. लोखंडी घासणी, स्टील वूल, सगळ्याला हेच लागू. आणि ज्या डिस्कने गंजलेलं लोखंड घासलंय ती तर इथे आणूच नका, लोखंडाचा गंज आणि अ‍ॅल्युमिनियमची भुकटी एकत्र आली आणि ठिणगी पडली तर पेट घेते.

सुरुवात करण्याआधी एक छोटी टेस्ट. कोपऱ्यात मेटल पॉलिश थोडं लावून पांढऱ्या फडक्याने घासा. फडकं काळं झालं तर पत्रा उघडा आहे, काम करता येईल. काहीच काळं नाही आलं तर वर लॅकर (पारदर्शक लेप) किंवा अ‍ॅनोडायझिंग (मुद्दाम चढवलेला कडक ऑक्साइडचा थर) आहे, तिथे पॉलिश घासत बसून उपयोग नाही, लॅकर पिवळं पडलं असेल तर आधी ते पेंट रिमूव्हरने काढावं लागेल, तेही डब्यावर अ‍ॅल्युमिनियमला चालतं असं लिहिलेलं बघून.

आता धुणं, खरं काम इथेच आहे. मॅट, प्लायवूड, गोणपाट जे काही खाली अंथरलंय ते सगळं उचला. सगळ्यात वाईट पत्रा त्याच्याखालीच सापडतो, कारण ओल अडकून राहते आणि पांढरी भुकटी धरते. ग्रीस, ऑइल असेल तर थोडं डिझेल लावून दहा मिनिटं थांबा, मग भांडी घासायचं लिक्विड आणि कोमट पाणी, नायलॉनचा कडक ब्रश, आणि ब्रश दोन्ही तिरक्या दिशांनी फिरवा कारण दाणेही दोन दिशांना तिरके असतात, सरळ घासलं तर एका बाजूची घाण सावलीत राहिल्यासारखी राहतेच. दाण्याच्या मुळाशी जुना टूथब्रश. कंटाळवाणं आहे पण इलाज नाही. कॉस्टिक, धुण्याचा सोडा, चुना यातलं काही लावू नका. अ‍ॅल्युमिनियमवरचा नैसर्गिक ऑक्साइडचा थर पीएच साधारण ४ ते ८.५ मध्येच टिकतो, त्याच्या बाहेर आम्लही खातं आणि अल्कलीही खातं. म्हणूनच ओलं सिमेंट सांडलं तर लगेच धुवायचं असतं.

मग राहिलेला राखाडी थर. त्याला किराणा दुकानातलं लिंबाचं फूल, म्हणजे सायट्रिक अ‍ॅसिड, लिटरभर कोमट पाण्यात साधारण ५० ग्रॅम. सावलीत, पत्रा गार असताना, दोन-दोन फुटांचा तुकडा घ्या, लावा, पाचेक मिनिटं ब्रश मारा आणि वाळायच्या आत भरपूर पाण्याने धुवा. गाडी उन्हात उभी करून सगळा हौदा एकदम भिजवाल तर डाग पडणार. आणि हायवेला वॉशिंगच्या ठिकाणी बिनलेबलच्या कॅनमधून चकाचक करणारं जे अ‍ॅसिड मिळतं त्यापासून लांबच राहा, त्यात हायड्रोफ्लुओरिक असू शकतं, ते हाताला लागलं तर सुरुवातीला कळतही नाही आणि आतपर्यंत, हाडापर्यंत जातं. पत्र्यासाठी एवढी रिस्क कोण घेतो.

धुऊन वाळल्यावर नीट बघा. बारीक खड्डे पडले असतील तर ते पॉलिशने जात नाहीत, तिथला धातूच गेलाय. नख अडकण्याएवढे खड्डे सगळीकडे असतील तर पत्रा बदलायचा हिशोब करा, उगाच मेहनत. स्क्रूभोवती पांढरी भुकटी दिसली तर स्क्रू लोखंडी आहे, खारट पाण्यात लोखंड आणि अ‍ॅल्युमिनियमची बॅटरी होते आणि खाल्लं जातं अ‍ॅल्युमिनियम. तिथे अ‍ॅल्युमिनियमचं पॉप रिवेट मारा, नाहीतर मध्ये रबरी वॉशर तरी टाका.

ओरखडे असतील तर सँडपेपर नको, सपाट कागद फक्त डोक्यांवर घासतो. स्कॉच ब्राइटचा मरून पॅड आणि मग राखाडी पॅड, थोडं डिझेल लावून, म्हणजे पॅड भरत नाही. हलका हात.

आता पॉलिश. बफिंगवाल्यांकडे (धातू कापडी चाकावर घासून चमकवणारे) लस्टरच्या, म्हणजे घट्ट पॉलिशच्या, वड्या मिळतात, तपकिरी ट्रिपोली कटिंगसाठी आणि पांढरा किंवा हिरवा फिनिशिंगसाठी. ड्रिल मशीनला छोटा गोल कापडी बफ लावा, स्पीड कमी-जास्त होणारं असेल तर मिनिटाला २,००० च्या आसपास पुरतं. लस्टर बफला दोन सेकंदच टेकवा, थापायचा नाही. दाबून धरू नका, बफला फिरू द्या, आणि इथेही दोन्ही तिरक्या दिशांनी. तपकिरी लस्टरचा बफ वेगळा आणि पांढऱ्याचा वेगळा, हे विसरलात तर फिनिशिंगमध्ये परत ओरखडे येतात आणि कळत नाही कुठून आले. गॉगल आणि मास्क लावाच, काळी धूळ नाकात दोन दिवस राहते, अनुभव आहे. मशीन नसेल तर ट्यूबमधलं मेटल पॉलिश आणि जुना सुती बनियन, फक्त दंड भरून येतील.

घासताना सगळं काळं काळं होतं, घाबरू नका, ते निघालेलं अ‍ॅल्युमिनियम आणि ऑक्साइड आहे. पण हा काळा चिकटा खळग्यात वाळला तर जाम निघत नाही, त्यासाठी युक्ती म्हणजे मैदा. मूठभर मैदा भुरभुरवायचा आणि कोरड्या मऊ ब्रशने घासायचा, तेलकट काळं त्यात ओढलं जातं. आमच्या मावशीने ते बघून जे ऐकवलं ते इथे लिहित नाही. त्यानंतर साबणाच्या पाण्याने धुवा, नाहीतर मुंग्या येतील.

किती चमकवायचं हा माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न. फाळका, टूलबॉक्स, बाजूच्या उभ्या पट्ट्या, तिथे हवा तेवढा आरसा करा आणि वर गाडीचं वॅक्स मारा, तीन-चार महिने चांगलं राहतं. पण पायरी आणि हौद्याचा तळ नुसता स्वच्छ करून राखाडी पॅडवर थांबा. तिथे वॅक्स बिलकुल नको, ते दाणे पाय घसरू नये म्हणूनच असतात, आणि बर्फाच्या पाण्यात क्रेट घेऊन उतरणारा हमाल आरशावरून घसरला तर ती चमक काय कामाची. मावसभावाने हट्टाने पायरी पण चमकवून घेतली होती, पहिल्याच फेरीला स्वतःच बसला खाली, मग गुपचूप परत आला पॅड मागायला.

नंतरची देखभाल सोपी आहे. मासळी उतरवली की त्याच दिवशी गोड्या पाण्याने धुवायचं, बोअरचं पाणी खारट असेल तर शेवटचा हात नळाच्या पाण्याचा, आणि फाळका उघडा ठेवून गाडी जरा चढावर लावायची म्हणजे पाणी मागे निथळून जातं. मॅट ओली असेल तर उभी करून वाळवा, मगच अंथरा.

वेळ म्हणाल तर पिकअपच्या हौद्याला दोन रविवार सकाळ, त्यातली दीड सकाळ धुण्यातच जाते.