कोजागिरीच्या रात्री सायकलवर : पुणे ते पाचगणी

कोजागिरीला जागायचंच असतं. गच्चीवर जागतो तसं एकदा सायकलवर जागून बघू, म्हणून सहकारनगरातले आम्ही काही जण त्या रात्री पाचगणीला निघालो आणि आता सात वर्षं झाली, दरवर्षी जातो. स्वारगेटपासून पाचगणी साधारण १०० किलोमीटर. रात्री दहाला निघायचं, पहाटे पाचच्या सुमाराला वाईत कृष्णेच्या घाटावर तोंड धुवायचं आणि उजाडता उजाडता पसरणीचा घाट चढायचा. माझं मेडिकलचं दुकान आहे. "ताई, मला जमेल का?" हा प्रश्न गणपती झाल्यापासून काउंटरवर रोज येतोय. म्हणून पहिल्यांदा येणाऱ्यांसाठी हे सगळं एकदा सविस्तर लिहितेय.

आधी एक गैरसमज काढून टाकू. ही बीआरएम, म्हणजे ठरलेल्या वेळेत लांब पल्ला पुरा करायची सायकल-राइड, नाही. बीआरएममध्ये २०० किलोमीटर साडेतेरा तासांत, ३०० किलोमीटर २० तासांत, असं वेळेचं बंधन असतं, कार्डावर नोंद होते. तिथेही शर्यत नसते, पण प्रत्येक जण आपल्या जबाबदारीवर असतो. आमच्याकडे वेळेची नोंद नाही आणि पुढे जाऊन थांबलेल्याचं कौतुकही नाही. आमचा नियम एकच : जो सगळ्यात हळू, त्याच्या वेगाने गट जाणार.

या नियमाची दुसरी बाजू नवीन माणसांच्या लक्षात येत नाही. हळू जाणाऱ्यासाठी बाकीचे थांबणार असतील, तर हळू जाणाऱ्याने वेळेत तोंड उघडलं पाहिजे. पहिल्या वर्षी मी ते केलं नाही. खेड शिवापूर सोडलं तेव्हाच पोटात काही उरलं नव्हतं, पण सगळे छान लयीत चालले होते, माझ्यापायी कशाला खोळंबा, म्हणून गप्प राहिले. किकवीच्या आसपास हाताला कंप सुटला, हँडल सरळ राहीना. पुढे सहा लाल दिवे दिसत होते, मग तीन दिसले, मग एकही नाही. शेजारून ट्रक जात होते आणि मी एकटी. चहाला थांबल्यावर त्यांना कळलं की मी नाही. दोघं उलटे शोधत आले तोवर मी एका बंद टपरीच्या पायरीवर बसले होते. सायकल आडवी, आणि पिशवीतला राजगिऱ्याचा लाडू तसाच कागदात. खायचं सुचलंच नव्हतं. साखर उतरली की आधी डोकं चालेनासं होतं, पाय नंतर थांबतात.

तेव्हापासून आम्ही दोन गोष्टी पाळतो. निघताना प्रत्येकाला आकडा मिळतो. गेल्या वर्षी आम्ही चौदा जण होतो, माझा नऊ. प्रत्येक थांब्यावरून निघताना एकापासून मोठ्याने आकडे म्हणायचे. मधला एक जरी आला नाही तरी कुणी पॅडल मारायचं नाही. आणि शेवटचा माणूस ठरलेला असतो. तो अनुभवी असतो, त्याच्याकडे पंप आणि औषधांची पिशवी असते, आणि काहीही झालं तरी तो कुणाच्या पुढे जात नाही. तुमच्या मागे कुणीच दिसत नाही असं वाटलं, तरी तो असतोच. "भूक लागली", "झोप येतेय", "पाय धरलाय" हे त्याला सांगायचं, आणि सुरुवात होतानाच सांगायचं.

तयारीला महिना द्या. आठवड्यातून दोन दिवस सकाळी तासभर चालवा आणि रविवारी लांबचं करा. पहिल्या रविवारी सिंहगड पायथा आणि परत. दुसऱ्या रविवारी कात्रजचा जुना घाट दोनदा. तिसऱ्या रविवारी बोपदेव घाट चढून सासवडपर्यंत जाऊन या. चौथ्या आठवड्यात लांबचं काही करू नका. त्याऐवजी एका रात्री जेवण झाल्यावर तीन तास चालवा, एकटे नको, कुणाला तरी बरोबर घेऊन. अंधारात खड्डा किती उशिरा दिसतो, आपला दिवा किती पुरतो, साडेअकराला आपल्याला किती पेंग येते, हे त्या रात्रीच कळतं. ७० किलोमीटर दिवसा आरामात होत असतील, तर हा पल्ला होतो. सायकल महागडी लागत नाही. गिअरची, ब्रेक नीट लागणारी, आपल्या उंचीची असली की झालं. फक्त निघायच्या रात्री नवं सीट, नवे बूट, नवं काहीही घालून येऊ नका.

दिव्यांच्या बाबतीत मी कुणाचं ऐकत नाही. पौर्णिमा आहे, लख्ख चांदणं आहे, म्हणून दिवा कशाला, असं दरवर्षी कुणीतरी म्हणतं. चांदण्यात आपल्याला रस्ता दिसतो, पण ट्रकवाल्याला आपण दिसत नाही. पुढचा दिवा चांगला दणकट हवा आणि त्याचा झोत खाली रस्त्यावर हवा, समोरच्याच्या डोळ्यांत नको. मागे दोन लाल दिवे, एक सीटखाली आणि एक हेल्मेटला किंवा पिशवीला, कारण एक बंद पडला तर आपल्याला कळत नाही. गटात मागचा दिवा लुकलुकता ठेवू नका. मागच्याला तो तासन्‌तास डोळ्यांवर घ्यावा लागतो, त्याने डोकं दुखतं आणि अंतराचा अंदाज चुकतो. स्थिर ठेवा. वरून रिफ्लेक्टिव्ह जॅकेट. पॉवर बँक घ्याच. हेल्मेट, दिवे आणि जॅकेट यांतलं एक जरी नसलं, तर आम्ही स्वारगेटवरूनच परत पाठवतो. दोन वेळा पाठवलंय.

रस्ता असा आहे. कात्रज चौकातली गर्दी दहानंतर ओसरते. तिथून नव्या बोगद्याकडे न जाता जुन्या घाटाने चढायचं. जुन्या बोगद्यापाशी पहिला थांबा, मागे वळून शहराचे दिवे बघायचे, आकडे म्हणायचे. पलीकडे शिंदेवाडीला उतरलं की महामार्ग लागतो, आणि इथून सुरूर फाट्यापर्यंत त्याची सोबत आहे : खेड शिवापूर, कापूरहोळ, किकवी, मग नीरेचा पूल ओलांडून शिरवळ. शिरवळ म्हणजे साधारण अर्धं अंतर. या पट्ट्यात एकामागे एक चालायचं, कडेच्या पांढऱ्या पट्टीच्या डावीकडे. दोघांत दोन सायकलींइतकं अंतर. हाताच्या खुणा अंधारात दिसत नाहीत, म्हणून ओरडायचं : "खड्डा!", "वाळू!", "थांबतोय!" पुढच्याने ओरडलेलं प्रत्येकाने मागे पोचवायचं. ढाबा आला की सावध व्हा. ट्रक सिग्नल न देता डावीकडे वळतात, आणि उलट्या बाजूने बिनदिव्याची मोटारसायकल येते. कुत्री मागे लागली तर वेग वाढवू नका. सायकलवरून उतरा, ती आपल्या आणि कुत्र्यांच्या मध्ये धरा, चालत पुढे जा. दोन मिनिटांत कंटाळतात.

महामार्गाच्या कडेला पंक्चर होतं ते बहुतेक खिळ्याने नाही. ट्रकचे टायर फुटून त्यातल्या पोलादी तारांचे बारीक तुकडे कडेला पडलेले असतात, ते टायरमध्ये घुसतात. दोन वर्षांपूर्वी शिरवळच्या पुढे पावणेदोनला आमच्यातल्या एका काकांचं मागचं चाक बसलं. ट्यूब बदलली, तीन किलोमीटर गेलो, पुन्हा बसलं. तेव्हा गटातल्या एका कॉलेजच्या मुलीने टायर पूर्ण काढला, उलटा केला आणि सुती रुमाल आतून सावकाश फिरवत नेला. एका जागी रुमालाचा धागा अडकला. मोबाइलच्या उजेडात जवळ धरून पाहिलं तर पापणीच्या केसाएवढी तार, आत जेमतेम दोन मिलिमीटर डोकावणारी. बोटाला लागलीही नसती, किंवा भसकन टोचली असती. नेलकटरने धरून तिने ती ओढली. तेव्हापासून माझ्या पिशवीत दोन ट्यूब, टायर लिव्हर (टायर काढायची पट्टी), पंप यांच्याबरोबर सुती रुमाल आणि नेलकटर असतो. नवी ट्यूब घालण्याआधी टायर आतून तपासायचाच. आणि मागचं चाक काढून परत बसवायचा सराव घरी दिवसाउजेडी दोन-तीनदा करा.

खाण्याचं माझ्या धंद्याशी नातं आहे, म्हणून जरा सविस्तर. संध्याकाळी सातला वरणभात, भाकरी असं साधं जेवा. सायकलवर बसल्यावर दर पाऊण तासाला दोन घास, भूक लागायची वाट न बघता : राजगिरा लाडू, चिक्की, खजूर, केळं, गूळपोळी. ढाब्यावर मिसळ किंवा तेलकट भजी नको, पुढे खंबाटकीचा घाट आहे. ओआरएसची मोठी पुडी एक लिटर पाण्यासाठी असते. ती ६०० मिलिलिटरच्या बाटलीत ओतली की द्रावण जास्त तीव्र होतं आणि मळमळतं. घरीच लिटरभर पाण्यात कालवून बाटल्यांत भरा. गुडघा दुखतोय म्हणून वाटेत आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅक घेऊ नका. शरीरातलं पाणी कमी झालेलं असताना या गोळ्यांनी मूत्रपिंडावर ताण येतो. सर्दीची गोळी घेतली असेल तर येऊच नका, तिने पेंग येते. मधुमेह, रक्तदाब, दमा असेल तर आपल्या डॉक्टरांना विचारून या आणि शेवटच्या माणसाला सांगून ठेवा. मसाला दूध आम्ही थर्मासमधून नेतो आणि चंद्र डोक्यावर आला की पितो, पण अर्धा कपच. पोटभर दूध घेऊन चढाला लागलं की ते वर येतं.

बायकांसाठी दोन शब्द, कारण हे कुणी सांगत नाही. वाटेत मोठ्या पेट्रोल पंपांवर स्वच्छतागृह असतं, आम्ही थांबे तसेच ठरवतो आणि दोघी-तिघी मिळून जातो. लघवीला जावं लागेल म्हणून पाणी कमी पिणं ही सगळ्यात वाईट युक्ती. पाळीच्या दिवसांत आलीस तरी चालतं, मी आलेय. पॅडेड शॉर्ट्सच्या आत काही घालू नका, आणि घासतं तिथे पेट्रोलियम जेली लावा. हे पुरुषांनाही लागू.

तीन ते पाच ही वेळ कठीण. आदल्या रात्री पूर्ण झोप आणि दुपारी दीड-दोन तास पडलात तर निभतं. तरी झोप येतेच. तिची खूण : माणूस बोलायचा बंद होतो, पापणी मिटते ती जरा उशिरा उघडते, सायकल रेघ सोडते. शेजारच्याने विचारायचं, "आज दूध कसं झालं होतं?" उत्तर यायला वेळ लागला तर सगळ्यांनी थांबायचं. उजेडातल्या पंपावर कॉफी प्यायची आणि लगेच भिंतीला टेकून वीस मिनिटं डोळे मिटायचे. कॉफीचा अंमल चढायला तेवढाच वेळ लागतो, त्यामुळे जाग येते ती ताजी येते. झोप अंगावर घेऊन घाट चढायला कुणालाही देत नाही.

एरवीचे थांबे मात्र पंधरा मिनिटांच्या वर नकोत. घाम वाळून अंग गार पडतं आणि पाय आखडतात. खंबाटकीचा जुना घाट सावकाश, हलक्या गिअरवर, गप्पा मारता येतील अशा वेगाने चढा. माथ्यावर विंडचीटर चढवा. नसेल तर छातीवर वर्तमानपत्राचं पान घाला, आमचे बाबा लुनावर असंच करायचे. मग उतार. सुरूर फाट्याला उजवीकडे वाईचा रस्ता घेतला की ट्रक मागे पडतात आणि पहिल्यांदा आपल्याच चाकांचा आवाज ऐकू येतो. निघताना चंद्र डाव्या हाताला होता, तो आता उजवीकडे कललेला असतो. शेतांवर दव असतं. वाईला ढोल्या गणपतीच्या समोर पायऱ्यांवर बूट काढून पाय पाण्यात सोडा. दहा मिनिटं, मग आकडे.

पसरणीच्या घाटात प्रत्येकाने आपल्या गतीने चढायचं, फक्त शेवटचा माणूस शेवटीच. उतरून ढकलत नेलं तरी काही बिघडत नाही, मी पहिली दोन वर्षं ढकलतच गेले. अर्ध्यात पोचता तेव्हा चंद्र एका बाजूला मावळत असतो, दुसऱ्या बाजूला फटफटतं. खाली वाई धुक्यात असते.

परत सायकलने येऊ नका. रात्रभर जागलेल्या माणसाने पर्यटकांच्या गाड्यांमधून घाट उतरणं धोक्याचं. आम्ही टेम्पो सांगून ठेवतो. रात्रभर झोपलेला चालक असावा, ही अट फोनवरच घालतो. सायकली चेनची बाजू वर करून आडव्या ठेवायच्या, दोन सायकलींच्या मध्ये गोधडी. घरून जुन्या गोधड्या आणा, दरवर्षी दोन-तीन कमीच पडतात. पाऊस असेल तर त्या रात्री जात नाही, पुढच्या शनिवारी जातो. दूध तेव्हाही नेतो.