वीजलाइनच्या कामावर नवीन आलात? जमीनमालकाला आधी हे सांगा

आमचं ऑफिस मुंबईत, पण शेतांमधून टॉवर उभारून मोठ्या वीजलाइन टाकायचं काम पडघा, भिवंडी, पनवेलच्या बाजूला. 12 ऑक्टोबर 2020 ला मुंबईची वीज गेली, तेव्हा बिघाड पडघा-कळवा 400 केव्ही (म्हणजे चार लाख व्होल्टच्या) लाइनवरही होता. शहराची वीज लोकांच्या शेतांवरून येते, हे आमच्याकडे नव्याने येणाऱ्या इंजिनीअर पोरांना चिखलात उभं राहिल्यावरच पटतं.

बांधावर गेलात की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "म्हणजे जमीन गेली का आमची?" नाही. सातबारा त्यांच्याच नावावर राहतो, भूसंपादन होत नाही. पण "तुमची परवानगी हवी" असंही सांगू नका, तेही खरं नाही. विद्युत कायदा 2003 च्या कलम 164 खाली कंपनीला 1885 च्या टेलिग्राफ कायद्यातले अधिकार मिळतात. मालकाने अडवलं तर जिल्हाधिकारी काम करू देण्याचा आदेश काढू शकतात. भरपाई कमी वाटली तर मालकाला जिल्हा न्यायाधीशांकडे जाता येतं. हे न्यायाधीशांचं वाक्य आपले लोक हळूच गिळतात. मी तेच आधी सांगतो, पुढचं बोलणं सोपं होतं.

मग कामाचा क्रम सांगा. सर्व्हेवाले खुंट्या मारतात, चार पायांचे खड्डे, काँक्रीट, मग टॉवर उभा करणं आणि शेवटी तार ओढणं. या टप्प्यांमध्ये कधीकधी महिनोन्‌महिने जातात, आणि मालकाला वाटतं काम संपलं. तो भात लावतो आणि तार ओढणारी गँग नेमकी त्यात शिरते. म्हणून दर टप्प्याला वेगळा पंचनामा हवा. तलाठ्याला बोलवा, पिकाचं नाव आणि तुडवलेलं क्षेत्र मालकासमोर लिहा, फोटो काढा, प्रत त्याच्या हातात द्या. "भात" एवढंच लिहू नका. लावणी झालेला की कापणीला आलेला, यावर रक्कम ठरते. आंब्याची झाडं एकेक मोजा, नाहीतर नंतर भांडण ठरलेलं.

पिकाचे पैसे वेगळे, जमिनीचे वेगळे. केंद्राच्या जून 2024 च्या मार्गदर्शक सूचनांत टॉवरखालच्या जागेसाठी जमिनीच्या किमतीच्या 200 टक्के आणि तारांखालच्या पट्ट्यासाठी 30 टक्के धरले आहेत. टॉवरची जागा म्हणजे चार पायांमधला भाग आणि बाहेर चारी बाजूंनी एकेक मीटर. पण प्रत्यक्ष दर राज्याच्या आदेशावर ठरतो. चालू शासन निर्णय सोबत ठेवल्याशिवाय आकडा तोंडातून काढू नका.

पट्टा केवढा, तेही विचारतात. लाइनचे केव्ही जितके जास्त, तितका पट्टा रुंद. त्यात भात, भाजी चालते, घर आणि उंच झाडं नाहीत. पनवेलकडे शेतकऱ्यापेक्षा प्लॉट घेऊन ठेवलेला मालक जास्त भेटतो. त्याला पिकाशी घेणंदेणं नसतं, आणि "तिथे बांधता येणार नाही" ऐकलं की तो वकिलाला फोन लावतो. खाडीकडे कांदळवन लागलं तर उच्च न्यायालयाची परवानगी लागते, ते काम वरचे लोक बघतात.

पैसे सगळ्यात जास्त अडकतात ते वारसांमुळे. सातबाऱ्यावर आजोबांचंच नाव, वारस पाच, दोघी बहिणी सासरी. फेरफार न करता चेक एकाच्या नावावर काढला की बाकीचे साइटवर येऊन गाडी अडवतात. सर्व्हेच्याच दिवशी सांगा, "काका, आधी वारसनोंद करून घ्या." तहसीलला लागणारा वेळ खड्डा खणायच्या आत निघून जातो.